तिसरे गाणे

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई गेल्या नोव्हेंबरात वारल्या. त्या निवृत्त शिक्षिका होत्या, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना बाईच म्हणत असे. समोर मात्र इथल्या रिवाजाप्रमाणे ‘मेव्रॉव’ आणि पुढे आडनाव. आम्स्टलव्हीनला राहायला आल्यापासून कचऱ्याचे वार कोणते, सायकल कुठे लावायची नाही, पाहुणे येणार असतील तर शेजाऱ्यांना आधी कसे कळवायचे, हे सगळे मला त्यांनीच शिकवले होते. क्रिमेटोरियमच्या सभागृहात आम्ही थोडेच जण होतो. इथल्या अंत्यविधीत दुःखालाही वेळापत्रक असते. ठरलेल्या मिनिटाला दार उघडते, पेटीभोवती मोजकी फुले असतात, मुले-नातवंडे कागदावर लिहून आणलेले वाचतात, मधूनमधून मृताने आधीच निवडून ठेवलेले संगीत वाजते आणि मग सगळे शेजारच्या खोलीत कॉफी आणि केकच्या तुकड्यासाठी जातात. बाईंनी स्वतःच्या वळणदार अक्षरात तीन नावे लिहून ठेवली होती. पहिली दोन बाखची होती आणि त्यात नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते, कारण रविवारी सकाळी त्यांच्या घरातून बाखच जिन्याने वर येत असे. तिसरे सुरू झाले तेव्हा मात्र पुढच्या रांगेतल्या दोन-तीन माना एकमेकींकडे वळल्या. तो आवाज हॉलंडमध्ये थोडे दिवस काढलेल्या माणसालाही ओळखता येतो. थोडा नाकातला, अ‍ॅमस्टरडॅमच्या गल्लीतले उच्चार न लपवणारा, वर चढताना आता फाटणार असे वाटायला लावणारा आणि फाटण्याच्या जरासा अलीकडे थांबणारा तो आवाज डच गायक आंद्रे हाझेसचा होता.

मला हे खटकत राहिले त्याला कारण होते. दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या इमारतीच्या खिडक्यांच्या चौकटी रंगवण्याचे काम निघाले होते. परांचीवर चढलेल्या रंगाऱ्यांनी आपला रेडिओ बरोबर आणला होता. इथल्या बांधकामावर असतो तसा, भोवती लोखंडी दांड्यांचा पिंजरा असलेला, रंगाचे शिंतोडे उडून मूळ रंग हरवलेला. त्यावर सकाळी आठपासून हाझेस लागत असे आणि रंगारी ब्रश न थांबवता त्याच्याबरोबर गात. बाईंनी पहिल्याच दिवशी खिडकी लावून घेतली. जिन्यात भेटल्या तेव्हा ओठ एका बाजूला ओढून म्हणाल्या, की ही गाणी दोन पेले पोटात गेल्याशिवाय सहन होत नाहीत, आणि मी तर फक्त चहा पिते. त्यांच्या घरच्या शेल्फात हाझेसची एकही तबकडी नव्हती. नंतर घर रिकामे करायला आलेल्या त्यांच्या मुलीने आपणहून मला तसे सांगितले. तिलाही उलगडा झालेला नव्हता.

मग मी हाझेसच्या मागे लागले.

त्याचा जन्म ३० जून १९५१ चा, अ‍ॅमस्टरडॅमच्या दे पाइप वस्तीतल्या खेरार्ड डाऊ रस्त्यावरचा. आज तिथे एका खोलीचे भाडे ऐकून पगारदार माणसाचेही डोळे पांढरे होतात, पण त्या काळी ती कामगारांची वस्ती होती: एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घाईघाईने उभारलेल्या अरुंद इमारतींच्या लांबच लांब रांगा, उभे जिने, एका मजल्यावर दाटीवाटीने राहणारी मोठी कुटुंबे. हाझेसचे कुटुंब त्यातलेच एक होते. वडील पिणारे होते आणि घरात पैशाची चणचण कायमची. वस्तीच्या मधून आल्बर्ट काउपचा बाजार जातो. मासे, कापड, चीज, फुले, घड्याळाचे पट्टे, काय हवे ते मिळणारा, १९०५ पासून भरणारा रस्त्यावरचा बाजार. आठ वर्षांचा आंद्रे तिथे उभा राहून गात होता, कारण त्याला आईसाठी भेटवस्तू घ्यायची होती आणि खिशात पैसे नव्हते. जॉनी क्राइकाम्प या तेव्हाच्या लोकप्रिय विनोदी नटाने त्याला ऐकले आणि १९५९ साली थेट दूरचित्रवाणीच्या पडद्यावर नेले. एक तबकडीही निघाली. गोष्ट इथेच सुफळ संपूर्ण व्हायला हवी होती, असे आपल्याला सिनेमांनी शिकवलेले असते. प्रत्यक्षात ती तबकडी चालली नाही, लोक विसरले आणि पोरगा परत गल्लीत आला. आठव्या वर्षी दिव्यांच्या झोतात उभे राहून नवव्या वर्षी पुन्हा त्याच जिन्याने त्याच घरात जाणे म्हणजे काय, याचा विचार मी बराच वेळ करत बसले. पुढे आयुष्यभर रंगमंचावर जाण्याआधी त्याचे हातपाय गळत. ती भीती तेव्हाच मुरली असेल का, हे सांगता येत नाही. पण लोकांचे कौतुक किती पटकन उठून जाते हे त्याला इतरांपेक्षा फार लवकर समजले होते, एवढे नक्की.

त्यानंतरची पंधरा-सोळा वर्षे तो काहीबाही करत राहिला. बाजारात गाडा लावला, खाटकाकडे राबला, बांधकामावर गेला, शेवटी बारच्या गल्ल्यामागे उभा राहिला. तिथे तो गिऱ्हाइकांना बिअर भरून देता देता गात असे आणि गाणारा बारवाला म्हणून त्याचे नाव होऊ लागले. गाणी तो स्वतःही लिहीत होता. नाताळच्या रात्री तुरुंगात एकट्या पडलेल्या माणसाचे एक गाणे त्याने विली आल्बर्टीसाठी लिहिले. आल्बर्टी म्हणजे त्या काळचे प्रस्थ, योर्दान वस्तीतून वर आलेला, इटालियन ढंगाचा गायक. त्याने ते वाचले आणि हे तूच गायला हवेस असे सांगितले. एखाद्या नावाजलेल्या गायकाने हातात आलेले चांगले गाणे असे परत करावे, ही मला हाझेसच्या चरित्रातली सर्वांत सुंदर घटना वाटते. १९७६ च्या अखेरीस ते गाणे बाजारात आले आणि पंचविशीतला बारवाला दुसऱ्यांदा प्रसिद्ध झाला. या वेळी मात्र प्रसिद्धी टिकली.

बाईंनी निवडलेले गाणे त्याच्या पुढच्याच वर्षीचे, १९७७ चे. त्याचे नाव ‘दे फ्लीगर’, म्हणजे पतंग. एक बाप सांगतो आहे, की काल माझ्या मुलाचा वाढदिवस होता, तो आठ वर्षांचा झाला, त्याने पतंग मागितला आणि मी तो दिला. मग मुलगा पतंगाच्या दोरीला एक चिठ्ठी बांधून वर सोडतो, कारण आई वर आकाशात आहे. एवढेच गाणे आहे. कागदावर वाचले तर कोणीही समीक्षक त्याला भावविवशतेचा कळस म्हणून बाजूला ठेवील, आणि त्याचे काही चुकले असे मला म्हणता येणार नाही. ऐकताना मात्र वेगळेच घडते. हाझेस त्यात मुलाचा आवाज काढत नाही की रडका सूर लावून आपल्याला कोपऱ्यात गाठत नाही. तो शेजारच्या बाकावरच्या माणसाला कालची हकिकत सांगावी तसा सांगत जातो, शब्द बाजारातले आणि स्वयंपाकघरातले असतात, भाषेच्या वर्गात पहिल्या वर्षी बसलेल्या परक्या माणसालाही प्रत्येक ओळ कळते, आणि मग एखाद्या साध्या शब्दावर तो स्वर किंचित जास्त धरून ठेवतो. मी ते क्रिमेटोरियममध्ये पहिल्यांदाच नीट ऐकले. मुलाचे वय आठ का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता.

अशा गाण्यांना इथे लेवन्सलीड म्हणतात, जगण्याची गाणी. हाझेसच्या आधी ही परंपरा योर्दानची होती. कालव्यांच्या पलीकडची ती दाट कष्टकरी वस्ती, तिथला एका काचेच्या डोळ्याचा गायक जॉनी योर्दान, तिथली गायिका तांते लेन, कोपऱ्यावरच्या दारूगुत्त्यात अकॉर्डियनवर म्हटली जाणारी आई, तुरुंग, समुद्र, सोडून गेलेली बायको आणि आपली गल्ली यांची गाणी. १९८० च्या सुमारास हा सगळा प्रकार वृद्धांच्या सहलीपुरता उरला होता. हाझेसला टिम ग्रीक नावाचा निर्माता भेटला आणि त्याने नेमके काय करायला हवे ते ओळखले. त्याने अकॉर्डियन मागे सरकवले, पुढे इलेक्ट्रिक गिटार आणि ठसठशीत ड्रम आणले आणि हाझेसच्या गळ्यातला हुंदका जसाच्या तसा राहू दिला. १९८१ सालच्या ‘खेवोन आंद्रे’ या अल्बममध्ये हे जमून आले आणि त्यातले थोडेसे प्रेमात पडल्याचे गाणे देशभर वाजले. नर्तनगृहात एकट्याने बसलेल्या माणसाचे ते गाणे आजही प्रत्येक लग्नात वाजते. स्वतः हाझेसला मात्र ब्लूज आवडे. त्याचा जीव काळ्या अमेरिकन गायकांच्या तबकड्यांत होता, आणि त्याच्या गाण्यात स्वर खालून घासत वर नेण्याची जी लकब आहे ती तिथून आलेली असावी असा माझा तर्क आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्याने त्या वळणाचा एक अल्बमही काढला, पण त्याच्या श्रोत्यांना तो तसा नको होता. टिम ग्रीक १९८८ साली मोटार अपघातात वारला. हाझेसच्या आवाजाचे मर्म जाणणारा दुसरा निर्माता त्याला पुढे मिळाला असे मला त्या नंतरच्या तबकड्या ऐकून वाटत नाही.

शिष्ट लोकांनी त्याच्याकडे नाक मुरडले, हे सांगायला नकोच. वृत्तपत्रांच्या सांस्कृतिक पुरवण्यांत त्याला जागा नसे, असलीच तर चेष्टेची. मला ते ऐकून माझे ठाण्यातले लहानपण आठवले. रस्त्यापलीकडच्या वस्तीतून कर्ण्यावर प्रल्हाद शिंदे यांचा आवाज येऊ लागला, की कव्वाली असेल तर आमच्या घरात खिडकी लावली जाई, आणि आषाढीच्या सुमारास तोच आवाज विठ्ठलाचे गाणे म्हणू लागला की आजी खिडकी उघडून, वाती वळता वळता, त्याच्याबरोबर गुणगुणत असे. आवाज तोच आणि कर्णाही तोच असे. आजीला त्यात काही विसंगत वाटत नव्हते आणि तिला तसे विचारण्याची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नव्हती. शिंदे गेले तेही २००४ साली, हाझेस गेला त्याच वर्षी. दोघांना एका माळेत ओवण्याचा माझा विचार नाही. शिंदे यांच्या गाण्यामागे जातीचा आणि चळवळीचा जो इतिहास आहे, तो हाझेसच्या मागे नाही. खिडकी मात्र मला ओळखीची वाटली.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच हाझेस अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊत गायला होता. मखमली खुर्च्या, भिंतींवर थोर संगीतकारांची नावे आणि खाली त्याच्याबरोबर गळा मोकळा करणारा दे पाइपमधला जमाव. त्याची ध्वनिमुद्रिका ऐकताना गाण्यापेक्षा श्रोत्यांचाच आवाज मला जास्त भावला. १९८८ साली हॉलंडचा संघ म्युनिकमध्ये सोव्हिएत संघाला २-० ने हरवून युरोपचा विजेता झाला, त्या स्पर्धेसाठी त्याने एका जुन्या स्कॉटिश चालीवर नारिंगी संघाचे गाणे म्हटले होते. फुटबॉलच्या दिवसांत तो सर्वांचा असे, सामना संपला की पुन्हा फक्त त्याच्या लोकांचा. हा हिशेब अनेक वर्षे चालला.

तो बदलला १९९९ मध्ये, आणि बदलला एका माहितीपटाने. जॉन अपेल या दिग्दर्शकाने हाझेसबरोबर राहून तो चित्रित केला, त्याच्याच एका गाण्यावरून त्याला ‘झाय खेलोफ्त इन माय’ असे नाव दिले, आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवातला सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. ‘तिचा माझ्यावर विश्वास आहे’ असे सांगणारे ते गाणे मुळात अमेरिकन, केनी रॉजर्समुळे गाजलेले; हाझेसने त्याला डच शब्द दिले. मी तो माहितीपट एका रविवारी दुपारी पाहिला आणि मधे दोनदा थांबवला. त्यात कोणी कोणाची स्तुती करत नाही आणि कोणी कोणाला हसतही नाही. एक जाडजूड, घामेजलेला माणूस आहे, त्याच्यापेक्षा बरीच तरुण अशी त्याची बायको आहे, लहान मुले आहेत, घरात न बोललेले पुष्कळ आहे. कार्यक्रमाआधीच्या खोलीत तो हातात बिअर घेऊन बसतो तेव्हा ती मजेची बिअर नाही हे दिसते. ती घेतल्याशिवाय त्याला दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. मग तो बाहेर जातो, हजारो लोक त्याचे शब्द त्याच्या आधी म्हणू लागतात, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा सुटकेचा भाव दिसतो. हा माहितीपट पाहून सुशिक्षित हॉलंडने त्याला आपले मानले. मला याबद्दल अजूनही थोडा राग आहे. तीच गाणी वीस वर्षे वाजत होती तेव्हा ती ऐकू आली नाहीत. त्यांच्यामागचा त्रस्त माणूस पडद्यावर, योग्य दिग्दर्शकाच्या चौकटीत बसवून दाखवला तेव्हाच ती खरी ठरली. ज्यांना तो आधीपासून आवडत होता त्यांना या दाखल्याची गरज पडली नव्हती. हाही न्याय करायला हवा, की मीसुद्धा गाण्यांपाशी एका अंत्यविधीच्या चौकटीतूनच पोचले आहे.

तीन लग्ने, चार मुले, मधुमेह, रक्तदाब आणि बिअर. शेवटच्या वर्षांत त्याला ऐकू येणे कमी झाले होते, आणि गायकाच्या बाबतीत यापुढे काही लिहायची गरज नसते. २००२ मध्ये त्याने रक्त, घाम आणि अश्रू यांचे गाणे म्हटले, मित्रांना निरोप देणारे. अ‍ॅमस्टरडॅमच्या आयाक्स फुटबॉल क्लबच्या मैदानात ते आजही हजारोंच्या कंठातून उठते. २३ सप्टेंबर २००४ रोजी वुर्डन गावच्या रुग्णालयात तो हृदय बंद पडून वारला. वय ५३. चारच दिवसांनी, सोमवारी संध्याकाळी, आयाक्सच्या स्टेडियममध्ये त्याला निरोप देण्यात आला. मैदानाच्या बरोबर मध्यभागी, जिथून सामना सुरू करायला चेंडू ठेवतात तिथे, त्याची पेटी ठेवली होती. सभोवती जवळपास ५० हजार माणसे होती आणि देशभर लाखो लोक दूरचित्रवाणीसमोर होते. मी त्या संध्याकाळचे चित्रण पाहिले आहे. ज्या देशात अंत्ययात्रेला निमंत्रण लागते आणि हुंदका रुमालात दाबून मोकळे व्हायचे असते, त्या देशातली ती माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोळे पुसायचीही तसदी न घेता गात होती. गायक एकामागून एक येऊन त्याची गाणी म्हणत होते, पण खरा कार्यक्रम प्रेक्षागृहात चालला होता. त्या पुढच्या आठवड्यांत ‘झाय खेलोफ्त इन माय’ पुन्हा बाजारात आले आणि यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. वर्षश्राद्धाच्या दिवशी, २३ सप्टेंबर २००५ रोजी, त्याची राख शोभेच्या अग्निबाणांत भरून हूक फान हॉलंडच्या किनाऱ्यावरून उत्तर समुद्रावर उडवण्यात आली. मला हे प्रथम कळले तेव्हा हसू आले होते. आपल्याकडे अस्थी नदीत सोडतात, इथे आतषबाजीत; एवढ्यावर मी ते सोडून दिले असते. पण पतंगाचे गाणे ऐकल्यावर वरच्या दिशेने पाठवायच्या गोष्टींकडे मला तितक्या हलकेपणाने पाहता आले नाही.

आता तो सर्वमान्य आहे. त्याच्यावर संगीतनाटक झाले आणि ते अनेक महिने भरल्या थिएटरात चालले, २०१५ साली त्याच्या जीवनावर चित्रपट आला, त्याच्याच नावाचा मुलगा आणि एक मुलगीही गाते, आणि त्या मुलाचे ‘लेफ’ हे गाणे त्याच वर्षी घरोघरी पोचले. दरवर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या झिग्गो डोम या मोठ्या सभागृहात केवळ हाझेसच्या गाण्यांच्या मैफली होतात. माझ्या कार्यालयातली एक सहकारी मला गेल्या खेपेला तिथे घेऊन गेली. सभा वेळेवर संपवण्याबद्दल ती प्रसिद्ध आहे; चार वाजता म्हणजे चारला ती लॅपटॉप मिटते. तिथे ती तीन तास उभी राहून, प्लास्टिकचा पेला उंच धरून, तारस्वरात गात होती. माझ्या आजूबाजूला त्या संध्याकाळी बिअर जमिनीवर इतकी सांडली होती की बुटांचे तळवे उचलताना चिकटत होते. मला मजा आली, हे लपवण्याचे कारण नाही. तरी मधेच मनात आले, की ज्या पेल्याने या माणसाला त्रेपन्नाव्या वर्षी नेले तोच आम्ही त्याच्या आठवणीत उंचावतो आहोत, आणि हे इथे कोणालाच विचित्र वाटत नाही. मी सहकारीला तसे म्हणाले. ती म्हणाली, त्याला वाटले असते का? या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि तो युक्तिवाद मला पटलाही नव्हता.

बाईंकडे पुन्हा एकदा वळावे लागेल, कारण या सगळ्यात एक तपशील मला उशिरा कळला. कॉफीच्या खोलीत त्यांच्या जुन्या शाळेतली एक वृद्ध मैत्रीण भेटली होती. तिने सांगितले होते, की बाई निवृत्तीपर्यंत जवळजवळ एकाच इयत्तेला शिकवत राहिल्या, मोठे वर्ग त्यांनी मागून घेतले नाहीत. आठ-नऊ वर्षांची मुले. १९७७ साली त्या तिशीत असतील. अशा वर्गात कधीतरी एखाद्याची आई जाते. वर्गशिक्षिकेला ते सकाळच्या हजेरीआधी कळते आणि मग दिवसभर त्या रिकाम्या किंवा भरलेल्या बाकासमोर उभे राहून गुणाकार शिकवावे लागतात. असे एखादे मूल त्यांच्या आयुष्यात होते का, हे मला ठाऊक नाही, आणि मुलीला विचारून खात्री करून घेण्याचा मोह मी आवरला. कदाचित त्यांना फक्त चाल आवडत असेल. कदाचित सभागृहात बसलेल्यांना थोडे अस्वस्थ करायचे असेल. त्यांचा स्वभाव पाहता हेही अशक्य नाही. एवढे दिसते, की खिडकी लावणाऱ्या बाईंना ते गाणे पूर्ण माहीत होते आणि त्यांनी ते कोणालाही सांगितले नव्हते.

मागच्या महिन्यात मी आल्बर्ट काउपला मासे घ्यायला गेले होते. बाजारात २००५ पासून हाझेसचा ब्राँझचा पुतळा आहे. पुतळ्याभोवती पर्यटकांचा एक घोळका होता आणि त्यांची मार्गदर्शक इंग्रजीत सांगत होती, की हा आमचा एल्व्हिस. पर्यटकांनी मान डोलावून छायाचित्रे काढली आणि ते गरम स्ट्रोपवाफेलच्या वासाच्या दिशेने गेले. ज्या लोकांसाठी तो गायला ते बहुतेक आता या वस्तीत राहत नाहीत. भाडी वाढत गेली तशी ती कुटुंबे आल्मेरेला, पुरमेरेंडला, झांडामला गेली, आणि त्यांच्या घरांत आता माझ्यासारखी कार्यालयातली माणसे राहतात. पाचचा सुमार होता. गाडेवाले आवराआवर करत होते, बर्फ गटारात ओतला जात होता, ताडपत्र्यांच्या घड्या पडत होत्या, सूरमईसारख्या दिसणाऱ्या माशाचे शेवटचे दोन तुकडे अर्ध्या किमतीला लावले होते, आणि मासेवाल्याच्या गाड्यावर हाझेस मोठ्याने लागला होता. पैसे देताना मी विचारले, की तुम्हाला हा फार आवडतो वाटते. त्याने रबरी हातमोजे काढत पुतळ्याकडे पाहिलेही नाही. “मला? मुळीच नाही,” तो म्हणाला. “माझ्या आईला आवडायचा. मी घरी मेटल ऐकतो. पण आवरताना इथे दुसरे काही लावले, की शेजारचे गाडेवाले येऊन विचारतात, तब्येत बरी आहे ना?”